खप कमी, गुण जास्त : दोन व्हिडिओ खेळांची ओळख

मुलांनो,

मागच्या महिन्यात वर्गात ‘माझा आवडता खेळ’ या विषयावर पाच वाक्ये लिहायची होती. बहुतेक वह्यांत तीच तीन-चार नावे आली. एकाने मात्र ‘ओकामी’ असे लिहिले. लगेच शेजारून आवाज आला, “तो कोण खेळतं? कुणाला माहीतसुद्धा नाही!” लिहिणाऱ्याने नाव खोडून टाकले. आम्ही पालक मागच्या बाकावर बसून हे पाहत होतो. ते खोडलेले नाव मनातून जाईना, म्हणून आजचा हा पाठ.

पहिला खेळ : ओकामी

हा जपानी खेळ क्लोव्हर स्टुडिओने तयार केला. २००६ साली कॅपकॉम कंपनीने तो प्लेस्टेशन २ साठी बाजारात आणला. दिग्दर्शक हिदेकी कामिया. यात सूर्यदेवता अमातेरासू पांढऱ्या लांडग्याच्या रूपात येते आणि उजाड झालेल्या प्रदेशात पुन्हा जीव आणते. तिची खरी ताकद म्हणजे कुंचला. खेळ मध्येच थांबवून आपण पडद्यावर चित्र काढायचे. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. सुकलेल्या झाडाभोवती वर्तुळ काढले की ते बहरते.

आम्ही सॉफ्टवेअरचे काम करतो, म्हणून आम्हांला यातली एक गोष्ट फार आवडते. सुरुवातीला हे जग हुबेहूब खऱ्यासारखे दाखवायचा बेत होता. पण प्लेस्टेशन २ ला तो भार पेलेना. मग त्या मंडळींनी जपानी शाईच्या चित्रांची शैली घेतली, आणि तिच्यातूनच कुंचल्याची कल्पना निघाली. यंत्र कमी पडले, तिथे कल्पना धावून आली!

समीक्षकांनी खेळ वाखाणला, पण खप बेताचाच झाला. त्याच वर्षी प्लेस्टेशन ३ आले, आणि लोकांचे लक्ष नव्या यंत्राकडे गेले हेही एक कारण असावे. २००७ साली स्टुडिओ बंद झाला. पण चाहत्यांनी खेळ विसरू दिला नाही. २०१७ साली तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा निघाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुढचा भाग जाहीर झाला.

दुसरा खेळ : राजी

हा तर आपल्या पुण्याचा, बरं का! नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने तो केला. २०१७ साली त्यांनी लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, पण ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी काम सोडले नाही, आणि २०२० साली खेळ बाजारात आला. राजी ही कसरती करणारी मुलगी. राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात, आणि दुर्गेने दिलेला त्रिशूळ घेऊन ती त्याला शोधायला निघते. मधला कथाभाग सावल्यांच्या बाहुल्यांतून दिसतो.

खेळात उणिवा आहेत. तो लहान आहे, आणि गोष्ट अर्ध्यावर थांबल्यासारखी वाटते. पण दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत गोष्ट सांगतात, असे दुसऱ्या कोणत्या खेळात आम्ही पाहिलेले नाही.

मग चांगला खेळ ओळखायचा कसा?

किती लोक खेळतात, हा एक आकडा झाला. तो जाहिरातीवर, पैशावर आणि वेळेवरही ठरतो. आपण आणखी तीन प्रश्न विचारावेत : यात नवे काय आहे? ते नीट जमले आहे का? खेळ बंद केल्यावर काय लक्षात राहते?

आणि मुलांनो, “कुणाला माहीत नाही” हे वाक्य तुम्ही शाळेत आपल्या भाषेबद्दलही ऐकले असेल. तेव्हाही नाव खोडू नका.

पालकांसाठी : खेळ घेण्यापूर्वी वेष्टनावरचे वयाचे चिन्ह जरूर पाहावे. शक्य तर शेजारी बसावे. “उडी मार”, “डावीकडे वळ”, “आता काय करायचं?” असे बोलता बोलता अर्धा तास मराठी सहज होते.

शब्दार्थ
खप – विक्री
कुंचला – रंगवायचा ब्रश
वाखाणणे – स्तुती करणे
लोकवर्गणी – अनेकांनी थोडे थोडे देऊन जमवलेले पैसे
उणीव – कमीपणा

स्वाध्याय
१. ओकामीमध्ये सूर्य कसा उगवतो?
२. राजी कोणाला शोधायला निघते?
३. फारसा कुणाला माहीत नसलेला, पण तुम्हांला आवडणारा एक खेळ निवडा. वरच्या तीन प्रश्नांची उत्तरे देत त्यावर पाच वाक्ये लिहा. नाव खोडायचे नाही!