पिरॅमिडचा पाठ शिकविताना

इतिहासाच्या तासाला इजिप्त देश आला म्हणजे फळ्यावर एक त्रिकोण काढला जातो, ‘हे राजाचे थडगे’ असे सांगितले जाते आणि चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांचे वर्णन करून पाठ संपतो. हे वर्णन मुलांच्या मनात चटकन ठसते. परंतु उत्खननांतून हाती आलेला पुरावा त्यास दुजोरा देत नाही.

गीझा येथील खुफू राजाचा पिरॅमिड इ. स. पूर्वी सुमारे २५६० या काळातील होय. तो एकटा उभा नव्हता. खाली नाईलच्या खोऱ्याच्या कडेस एक मंदिर, तेथून वर चढत जाणारा दगडी मार्ग, त्या मार्गाच्या शेवटी पिरॅमिडच्या पूर्व अंगास राजाच्या पूजेचे मंदिर, शेजारी राण्यांचे लहान पिरॅमिड व नावा पुरलेले खड्डे, असा तो सारा विस्तार होता. यांतील एका खड्ड्यात १९५४ साली १,२२४ तुकड्यांत सुटी केलेली सुमारे ४३ मीटर लांबीची लाकडी नाव सापडली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यास तर तो दगडी मार्गच पिरॅमिडच्या तोडीचा वाटला होता.

मापनाचा भाग गणिताच्या तासास जोडून घेण्याजोगा आहे. इजिप्तचा राजहात सात मुठींचा व प्रत्येक मूठ चार बोटांची असे. पायाची बाजू ४४० हात, उंची २८० हात. अर्धी बाजू २२० हात. म्हणजे उंची एक हात वाढली की भिंत साडेपाच मुठी आत सरे. एवढे एकच माप कारागिराच्या ध्यानी असले की चारही बाजूंचा उतार सारखा राही. मुलांकडून हे त्रैराशिक अवश्य सोडवून घ्यावे; कोनमापकावाचून उतार कसा साधला, हे त्यांस आपोआप कळेल.

दगड आणला कोणी, याचे उत्तर २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे मिळाले. तेथे मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरील रोजनिशी सापडली. सुमारे चाळीस माणसांची त्याची टोळी नाईलपलीकडील तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरून गीझास पोहोचवी व पुन्हा खाणीकडे फिरे. कोणत्या दिवशी कोठे मुक्काम केला, हे त्याने शाळेच्या लॉगबुकाप्रमाणे नोंदून ठेवले आहे. पिरॅमिडच्या आतील दगडांवर तांबड्या रंगात टोळ्यांची नावेही लिहिलेली आहेत. त्यांतील एक टोळी स्वतःस ‘खुफूचे सोबती’ म्हणवीत असे.

गीझास मजुरांची वस्ती, तिच्यातील भटारखाने आणि गुराढोरांच्या हाडांचे ढीग सापडले आहेत. १९९० पासून त्यांच्या कबरीही उजेडात आल्या. काही सांगाड्यांची मोडलेली हाडे नीट बसवून जुळलेली दिसतात. गुलामांस राजाच्या थडग्याजवळ अशी जागा कोण देणार?

मात्र हे लोक सर्वस्वी स्वेच्छेने आले होते, असेही सांगू नये. राजाज्ञा झाली की गावोगावच्या माणसांस पाळीने कामास जावे लागे, आणि अवजड ओझ्यांनी झिजलेले पाठीचे मणके त्या कबरींत आजही पाहावयास मिळतात.