जामीन राहायला नकार दिला, तर मी कृतघ्न ठरतो का?

प्रश्न : मी संगमनेरला राहतो, सरकारी नोकरीत आहे. माझा आतेभाऊ गोठा वाढवून आणखी गायी घ्यायच्या म्हणतोय. त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढायचंय आणि संस्थेला पगारदार जामीनदार हवाय, म्हणून त्याने मला विचारलं. वडील म्हणतात, "आपल्याच गावच्या अनंत फंदींनी सांगून ठेवलंय, कुणाला जामीन राहू नये. विषय संपला." पण आईच्या आजारपणात हाच भाऊ रात्ररात्र दवाखान्यात बसून होता. नाही म्हणावं तर कृतघ्नपणा, हो म्हणावं तर घराला घोर. नीतीने यात बरोबर काय?

उत्तर : तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. भावाच्या उपकाराची जाण ठेवायची का, हा पहिला. ती जामिनाच्या सहीनेच दाखवायची का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "हो" आहे, त्यात शंका नाही. पण त्यातून दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघत नाही. तुमची घालमेल होते ती दोन्ही एकच समजल्यामुळे.

आधी वडिलांच्या दाखल्याकडे वळू. अनंत फंदी (१७४४–१८१९) संगमनेरचे, आडनाव घोलप. त्यांचा उपदेशपर फटका मराठी घराघरांत पाठ असतो, म्हणून ते जन्मभर उपदेशच करत होते असा समज होतो. तो बरोबर नाही. ते तमाशाच्या फडात गाजलेले शाहीर, लावण्या रचणारे. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून ते कीर्तनाकडे वळले, असं परंपरा सांगते. म्हणजे हा उपदेश जग पाहिलेल्या, माणसांच्या गर्दीत वावरलेल्या शाहिराचा आहे. फटक्यातल्या बऱ्याच गोष्टी रोजच्या व्यवहाराच्या आहेत : फसू नये, रिकामं बसू नये, वशिल्याच्या जोरावर गरिबाला दमदाटी करू नये.

जामिनाचा सल्लाही त्यातलाच आहे आणि त्याला दोन बाजू आहेत. मित्रासाठी स्वतःच्या खिशाला खार लावून घ्यावा, पण जामीन राहू नये, असा तो सल्ला आहे. लोक दुसरी बाजू तेवढी सांगतात आणि पहिली विसरतात. तुमच्या वडिलांचंही तेच झालंय. अर्धाच सल्ला घेतला तर तो हात आखडता घेण्याचा सल्ला वाटतो. पूर्ण घेतला, तर द्यायला सांगणारा, पण कसं द्यावं याची मर्यादा घालणारा.

ही मर्यादा का घातली असेल? स्वतःच्या खिशातून दिलेल्या पैशाचा आकडा आपल्याला ठाऊक असतो. पन्नास हजार दिले, तर जास्तीत जास्त पन्नास हजार जातील. जामीन राहिल्यावर हिशेब दुसऱ्याच्या हाती जातो. त्याने हप्ते थकवले, व्याज चढलं, की ओझं आपल्या दारात. शिवाय नातंही बदलतं. कालपर्यंत भाऊ असलेला माणूस आपला देणेकरी होतो आणि आपण त्याच्याकडे तगादा लावणारे होतो. फंदींच्या काळी जामिनाचा पसारा मोठा होता. माणूस हजर करण्याची हमी देणारा तो हाजिरजामीन, पैशाची हमी देणारा तो मालजामीन, आणि त्याचा लेखी करार म्हणजे जामीनकतबा. अशा व्यवहारात बुडालेली घरं त्या काळच्या माणसाने पाहिली असतील, तर सल्ला एवढा रोखठोक का, हे समजतं.

आता आजच्या सहीबद्दलचे काही गैरसमज दूर करू, कारण त्यांच्यावर उभा केलेला नैतिक निर्णय टिकत नाही.

पहिला गैरसमज : जामीनदाराची सही म्हणजे ओळख पटवण्यापुरती सही. तसं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते.

दुसरा गैरसमज : संस्था आधी कर्जदाराचं सगळं विकेल, उरलं तरच माझ्याकडे येईल. धनकोने आधी कर्जदाराकडचे सर्व उपाय संपवलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात स्पष्ट केलं आहे. पगारदाराचा पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला जमा होतो, त्यामुळे वसुलीला तोच सोपा सापडतो. संस्थेला पगारदार जामीनदार हवा असतो, तो याचसाठी.

तिसरा गैरसमज : जामीनदार दोन आहेत, म्हणजे माझ्यावर निम्मंच. दोघा जामीनदारांनी आपसात बोजा सारखा वाटून घ्यायचा, असं कलम १४६ सांगतं. पण ती वाटणी तुमच्या दोघांतली. संस्था मात्र सगळी रक्कम एकाकडूनही मागू शकते. तुम्ही कर्ज फेडलंत, तर कलम १४० प्रमाणे धनकोचे हक्क तुमच्याकडे येतात आणि भावाकडून वसुली करता येते. कागदावर ही सोय चांगली आहे, पण सख्ख्या आत्याच्या मुलाविरुद्ध ती वापरायची वेळ आली तर ती किती जड जाईल, हे तुम्हीच जाणता.

एवढं वाचून "मग नकोच" असं वाटणं साहजिक आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्या दंग्यांनंतर कायदे आले, चौकशा झाल्या, पण गरिबाला पत कुठून मिळणार हा प्रश्न उरलाच. सहकारी पतसंस्थांच्या १९०४ च्या कायद्याने त्याला एक उत्तर दिलं. गावातल्या संस्थांची जबाबदारी साधारणपणे अमर्याद ठेवली, म्हणजे सभासदांनी एकमेकांच्या कर्जाची हमी घ्यायची. गहाण टाकायला काही नसलेल्या शेतकऱ्यामागे गाव उभं राहिलं, हीच त्याची पत. १९२३ मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी तुमच्या शेजारी लोणी बुद्रुकला पतसंस्था काढली, आणि पुढे प्रवरेकाठी उभ्या राहिलेल्या सहकाराची ती एक सुरुवात ठरली. सगळ्यांनीच जामीन नाकारला असता, तर यातलं काही झालं नसतं.

म्हणून जामीन राहणं हे मुळात चूकही नाही आणि मुळात पुण्यही नाही. गावाने घेतलेल्या त्या हमीला अर्थ होता, कारण ती देणारा कर्जदाराला ओळखत होता, त्याच्या शेतावर जात होता, "हप्ता का चुकला?" असं तोंडावर विचारू शकत होता. माहिती, विचारण्याचा अधिकार आणि सोसण्याची ताकद, या तिन्ही गोष्टी असतील तर सही ही खरी मदत होते. नसतील, तर ती भिडेपोटी केलेली सही.

यात एक तिसरा पक्षही आहे, तो बहुधा कुणाच्या ध्यानात येत नाही. पतसंस्थेचा पैसा ठेवीदारांचा असतो. निवृत्त शिक्षकाचा फंड असतो, भाजी विकणाऱ्या बाईची रोजची पिग्मी असते. "सही नुसती नावाला" असं मनात धरून जो सही करतो, तो या माणसांना खोटं वचन देतो. मला या प्रकरणातला सर्वांत मोठा नैतिक दोष इथे दिसतो, नकार देण्यात नाही.

मग तुम्ही ठरवायचं कसं? आधी घरी बोला. पगार तुमच्या नावावर जमा होत असला, तरी त्यावर बायकोचा आणि मुलांच्या फीचाही हक्क आहे. घरच्यांना न सांगता केलेलं औदार्य त्यांच्या खर्चाने होतं. मग सगळं कर्ज तुमच्यावर आलं तर ते तुम्ही सोसू शकाल का, ते पाहा. नंतर भावाकडे बसून त्याचा हिशेब मागा. दूध किती, दर काय, पेंडीचा आणि चाऱ्याचा खर्च किती, आधीची उधारी किती, जनावरांचा विमा आहे का. दुधाचा दर पडला म्हणून गायीचं खाणं कमी होत नाही, त्यामुळे दोन रुपये दर उतरला तर हप्ता कुठून भरणार, हेही विचारा. त्याने वही उघडून दाखवली तर चांगलंच. "माझ्यावर एवढाही भरवसा नाही का?" म्हणून तो रुसला, तर घाईने सही करू नका. तुमचा पगार हमीला लावायला मागणाऱ्याने स्वतःचा हिशेब दाखवण्यात अपमान कसला?

सही करायचं ठरलं, तर फॉर्म घरी आणून वाचा. फोटो चिकटवलेला, आधार आणि पॅनच्या झेरॉक्स जोडलेल्या, पेन्सिलीने फुल्या मारून "इथे इथे सही करा" असं दाखवलेलं, असा कागद पुढे आला की माणूस वाचत नाही. रक्कम, व्याजदर आणि मुदत यांच्या जागा कोऱ्या असतील तर भरून घ्या. पुढे मुदतवाढ किंवा बदल केल्यास आपली आगाऊ संमती आहे, असा मजकूर आहे का ते पाहा. प्रत मागून घ्या. हप्ता चुकला तर मलाही कळवा, असं संस्थेला लेखी द्या.

नाही म्हणायचं ठरलं, तर खरं सांगून नाही म्हणा. "आमच्या साहेबांची परवानगी मिळत नाही," "मी आधीच एकाला जामीन आहे," अशा थापा लोक सौम्यपणा म्हणून मारतात. त्यांनी भाऊ आशेवर राहतो, दुसरी सोय बघत नाही, आणि भावकीत खोटं कधी ना कधी उघडं पडतंच. खोटं न बोलणं आणि सगळंच सांगणं यांत फरक आहे. "घराचा विचार करता एवढी जोखीम मला झेपत नाही," एवढं पुरे. त्याहून जास्त खुलासा तुम्ही कुणालाही देणं लागत नाही.

स्वतःला एक गोष्ट मात्र विचारा. तुमच्या एखाद्या कर्जाला आजवर कुणी जामीन राहिलं होतं का? राहिलं असेल, तर "मी तत्त्व म्हणून कुणाला जामीन राहत नाही" हे वाक्य तुम्हाला वापरता येणार नाही. झेपत नाही म्हणणं प्रामाणिक आहे. दुसऱ्याच्या सहीवर घर बांधून आपल्या सहीला तत्त्वाचं कुलूप लावणं प्रामाणिक नाही.

माझा कल विचाराल, तर वडिलांना चूक ठरवू नका. त्यांनी सांगितलेल्या सल्ल्याची पहिली बाजूही पाळू या, एवढं त्यांना म्हणा. हिशेब पटला आणि घर राजी असेल, तर कमी गायींच्या, कमी रकमेच्या कर्जाला जामीन राहा. पटला नाही, तर परत आली नाही तरी चालेल एवढी रक्कम भावाच्या हातात द्या आणि ती उसनी की कायमची, हे तेव्हाच बोलून ठेवा. दवाखान्यात तो रात्ररात्र बसला, तेव्हा त्याने स्वतःचा वेळ आणि झोप दिली, म्हणजे जे त्याच्यापाशी होतं ते दिलं. तुम्हीही जे तुमच्यापाशी आहे ते द्या. मग सही झाली नाही, तरी तुम्हाला कुणी कृतघ्न म्हणू शकणार नाही.