डीपी कोणाला दिसावा?

प्रश्न : व्हॉट्सॲपच्या डीपीला मुलीसोबतचा फोटो ठेवू का?

उत्तर : ठेवा, पण आधी प्रायव्हसीत जाऊन प्रोफाइल फोटोसमोरचं ‘एव्हरीवन’ बदलून ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. नाहीतर तुमचा नंबर असलेल्या कुठल्याही अनोळखी माणसाला तो दिसतो. भामटे असाच फोटो दुसऱ्या नंबरला लावून नातेवाइकांना मेसेज करतात, ‘नंबर बदललाय, तातडीने पैसे पाठव.’ चेहरा ओळखीचा, म्हणून नंबर कोणी ताडून पाहत नाही. ‘आता डीपीचा स्क्रीनशॉट निघत नाही,’ असं तुम्ही म्हणाल. खरंय, पण दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार? धंद्यासाठी चेहरा सगळ्यांना दिसायलाच हवा असेल, तर फक्त स्वतःचा ठेवा. गणवेशातलं लेकरू तिथे नकोच. खिशावरच्या बिल्ल्यावर शाळेचं नाव स्पष्ट वाचता येतं. पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.