भरावावर उभी राहशील तेव्हा

चि. मुक्ता,

रस्त्याच्या कामावर रुजू झालीस, छान झालं. पहिली काही वर्षं धुळीत गेलेला इंजिनिअर पुढे ऑफिसात बसला तरी कागदावर भलतंसलतं लिहीत नाही, असं माझं मत आहे.

तू विचारलंस, साइटवर सगळे कॉम्पॅक्शन आणि कन्सॉलिडेशन एकाच अर्थाने म्हणतात, मग कॉलेजात त्यावर एवढा घोळ कशाला घातला? अगं, आमच्या खात्याच्या जुन्या कागदांतसुद्धा खडी रोलरने दाबण्याला कन्सॉलिडेशनच लिहीत. त्यावरून मुकादमाशी वाद घालू नकोस. मातीतून काय बाहेर जातंय तेवढं बघ. रोलर हवा बाहेर काढतो, त्याला काही फेऱ्या पुरतात. ओल्या चिकणमातीवर वजन पडलं की पाणी बाहेर जातं, आणि त्याला महिने, कधी वर्षं लागतात.

आधी रोलरचं बोलू, कारण रोजची गाठ त्याच्याशी आहे. कोरड्या मातीचे कण एकमेकांना अडतात. फेऱ्या वाढवून डिझेल तेवढं जळतं. बेताचं पाणी मिळालं की ते सरकून जवळ येतात. त्यापुढे पाणी वाढलं की पोकळीत तेच ठाण मांडतं, आणि पाणी काही दाबलं जात नाही. मग रोलर पुढे गेला की मागची माती उसळते. हा बेत मोजायची रीत राल्फ प्रॉक्टरने १९३३ साली छापली. लॉस एंजेलिसजवळचं सेंट फ्रान्सिस धरण १९२८ मध्ये फुटून शेकडो माणसं गेली होती. त्याच्या बदली बुके कॅन्यनला मातीचा बांध घालायचा होता, त्या कामातून ही रीत आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात जड विमानांच्या धावपट्ट्यांसाठी त्या चाचणीतला ठोका वाढवला. तुझ्या लॅबमध्ये चालते ती ही जड चाचणी: ४.९ किलोचा हातोडा, ४५ सें.मी. उंची, ५ थर, दर थराला २५ ठोके. ठोका वाढला की घनता वाढते आणि लागणारं पाणी कमी होतं. म्हणून कुणी ‘९७ टक्के आलं’ म्हणालं, तर कुठल्या चाचणीच्या ९७ टक्के ते आधी विचार. प्रॉक्टरच्या मूळ हलक्या चाचणीचा आकडा जड चाचणीच्या जागी खपवणारे महाभाग मी पाहिलेत.

टँकरने पाणी मारलं की लगेच रोलर चढवू देऊ नकोस. वरचा थर चिखल आणि खालचा कोरडा राहतो. ग्रेडरने वरखाली करून घे. मुरूम मुठीत दाबून लाडू वळून बघ: तळहात ओला न होता लाडू वळला आणि बोटांनी दाबल्यावर दोन तुकडे झाले, तर पाणी बेताचं आहे. हा अंदाज झाला, नोंद ओलावा मोजणाऱ्या मीटरचीच कर. थरही जाड घेऊ देऊ नकोस. वरून टणक दिसणाऱ्या जाड थराचा तळ कित्येकदा तसाच सैल असतो.

काळ्या मातीचं मात्र उलटं. ती कोरडी असताना ठोकून ठोकून घट्ट केलीस, तर पावसात पाणी ओढून फुगेल आणि रस्ता वर उचलेल. ती भरावात घ्यायचीच वेळ आली, तर पाणी बेतापेक्षा किंचित जास्त ठेवून दाबतात. जास्त घनता म्हणजे जास्त चांगलं, हे सगळ्याच मातींना लागू नाही.

आता दुसरं काम, चिकणमातीतून पाणी बाहेर जाण्याचं. तिथे रोलरची मात्रा चालत नाही. इस्तंबूलच्या रॉबर्ट कॉलेजात शिकवत असताना कार्ल टेरझागीने हे कोडं सोडवलं आणि १९२५ साली पुस्तक काढलं. पाण्याला बाहेर पडायला जितकं अंतर, त्याच्या वर्गाच्या पटीत वेळ. अंतर निम्मं केलं तर वेळ चौथाई. न्हावा-शेव्याच्या खाडीकाठच्या मऊ मातीत उभ्या ड्रेनच्या पट्ट्या खुपसून वर भराव का चढवतात, ते यावरून कळेल. पाण्याची वाट लहान करायची, वर वजन ठेवायचं आणि थांबायचं. थांबण्याचा कंत्राटदाराला नेहमीच राग येतो; व्याज त्याचं चढत असतं. तुझ्या रस्त्यावर खाडी नाही, पण नाल्याकाठी काळपट, बोट रुतेल अशी माती लागली तर त्यावर मुरूम पसरून मोकळं होऊ देऊ नकोस. वरिष्ठांना लेखी कळव.

राहिली तपासणी. घनतेसाठी भोक कुठे खणायचं ते तूच ठरव. मधोमध, जिथे रोलर दिवसभर फिरलाय, तिथली जागा तुला आदराने दाखवतील. तू कडेला जा, ह्यूम पाइपच्या बगलेत जा, पुलाच्या भिंतीमागे जा. मोठा रोलर तिथे पोचत नाही आणि प्लेट कॉम्पॅक्टर आणायचा कंटाळा असतो. पुलावर चढताना गाडीला बसणारा हिसका बऱ्याचदा याच कोपऱ्यात तयार होतो. भोक मोजायला त्यात भरतात ती वाळू कोरडी आणि चाळलेली आहे ना, तेही बघ. १०३ टक्के आले म्हणून पेढे वाटू नकोस. बहुधा लॅबला गेलेली माती एका खाणीची आणि भरावातली दुसरीची असते, नाहीतर भोकात मोठा दगड आलेला असतो. नमुना पुन्हा पाठव.

आणि टोपी घालत जा, तुझी आई मला विचारते. पुलामागच्या भरावाचे आकडे आले की लिही. नुसते टक्के नकोत, भोक कुठे खणलंस तेही हवं.

तुझा,
मामा