कोठार आणि मॅगझिन

तंजावूरच्या राजवाड्याच्या आवारातील सुमारे १९० फूट उंचीचा आठमजली मनोरा पाहून परगावचा प्रवासी त्यास देवळाचे गोपुर समजतो. वस्तुतः १८५५ पर्यंत तेथे राजांचे शस्त्रागार होते. त्या वर्षी दुसरे शिवाजीराजे पुत्रसंतती न ठेवता निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्याबरोबर त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. परंतु ही जप्ती राज्यसत्तेचे कृत्य असल्यामुळे न्यायालयास तिचा विचार करता येणार नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. शस्त्रागारातील निवडक शस्त्रे पुढे मद्रासच्या संग्रहालयात गेली. उरलेल्यांपैकी पुष्कळशी मोडीत निघाली.

अरबी भाषेत कोठारास ‘मखजन’ म्हणतात. तोच शब्द युरोपीय भाषांतून फिरत इंग्रजीत ‘मॅगझिन’ झाला. आरंभी त्याचा अर्थ कोठार, विशेषतः दारूगोळ्याचे कोठार, असा होता. रायफलीच्या पोटाखाली काडतुसांची पत्र्याची पेटी आली, तेव्हा त्या चिमुकल्या कोठारासही तेच नाव मिळाले. अशी पेटी जेम्स पॅरिस ली याने १८७९ मध्ये पेटंट करून घेतली आणि तिच्यावरूनच पुढे ली-एनफील्ड रायफल घडली. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने ओळखली जाणारी ती हीच.

या रायफलीचे मॅगझिन हरवले किंवा चेपले, तर दुसरे आणून बसवावे, असे सहज वाटते. पण ही पेटी वारंवार बदलण्यासाठी केलेलीच नव्हती. सैनिक पाच-पाच काडतुसांच्या दोन पट्ट्या वरून दाबून दहा काडतुसे भरीत असे. पेटी काढावयाची ती मुख्यतः साफसफाईसाठी. काडतुसाच्या बुडाला कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की भरणी थांबते. म्हणून पेटीचे ओठ त्या त्या रायफलीशी जुळवून घ्यावे लागतात. ईशापूरच्या कारखान्याने १९६० नंतर ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, तिची पेटी बारा काडतुसांची. ती थ्री नॉट थ्रीला उपयोगी पडत नाही.

कायद्याची बाजू याहून नाजूक आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या व्याख्येत ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेत त्याचे भागही येतात. परदेशात स्वस्त मिळणारी पेटी टपालाने मागविणे म्हणजे परवान्यावाचून शस्त्राची आयात करणे होय. किरकोळ भागांना कलम ४५ अन्वये सूट आहे. पण तो भाग आपल्या किंवा इतर कोणाच्या जवळील पूरक भागांशी जोडण्याचा हेतू नसेल तरच. ज्यास पेटी रायफलीला लावावयाची आहे, त्यास ही सूट मुळीच लागू पडत नाही. हे न समजल्याने स्वस्ताईच्या मोहात कारावास ओढवू शकतो.

शिवाय .३०३ व ७.६२ या बोरांच्या रायफली निषिद्ध वर्गात मोडतात. सामान्य परवानाधारकाच्या घरी असते ती बहुधा .३१५ बोरची, ली-एनफील्डच्याच रचनेवर सरकारी कारखान्यात तयार झालेली आणि पाच काडतुसांची पेटी असलेली रायफल. आयुध कारखान्यांच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून सात कंपन्या झाल्या. ईशापूरचा कारखाना आता त्यांतील एका कंपनीत आहे. तेव्हा प्रथम परवाना तपासावा, मग परवानाधारक विक्रेत्याकडे .३१५ चाच भाग मागावा. त्याहूनही आधी जुनी पेटी दुरुस्तीच्या परवान्याच्या कारागिरास दाखवावी. बहुतेक वेळा दोष कमानीचा किंवा वाकलेल्या ओठांचा असतो, आणि तो काढण्यास नव्या पेटीइतका खर्च येत नाही. घरच्या घरी पक्कड चालविण्याचा उत्साह मात्र आवरावा.

निकामी झालेल्या, दुरुस्तीनेही न चालणाऱ्या पुरातन शस्त्रालाही अधिनियमात सूट आहे. पण पेटी नसलेली रायफल त्या वर्गात बसत नाही. तिच्यातून एकेक काडतूस हाताने भरून बार काढता येतो. ली-एनफील्डच्या आरंभीच्या नमुन्यांत पेटीवर सरकणारी एक पट्टी मुद्दाम याच कामासाठी बसविलेली असे. सैनिकाने एकेक काडतूस हातानेच भरावे आणि पेटीतील साठा अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवावा, अशी त्यामागील योजना होती.