शिलाई कोठे अडते? मोबाईलमधील कामांची तरतीब

मे महिना आला की आम्हा कापडवाल्यांकडे शाळेच्या गणवेशांची घाई सुरू होते. गेल्या वर्षी एका ऑर्डरीत माझे चार कारागीर तीन दिवस बसून राहिले. कटिंग तयार होते, पण खिशावरच्या बिल्ल्याचे भरतकाम राहिले होते आणि ते खिसा शर्टाला लागण्याआधीच करावे लागते. मजुरी मात्र द्यावी लागली. तेवढ्यात कॉलर, बाह्या शिवून झाल्या असत्या! मोबाईलच्या यादीत कामे सगळी होती. कोणते कोणासाठी थांबले आहे, हे नव्हते.

गुगल टास्क्समध्ये मुख्य कामाखाली उपकामे लिहिता येतात, बोटाने वरखाली सरकवता येतात. परंतु पहिले काम राहिले असताना तिसऱ्यावर खूण केली तरी ते अडवत नाही. म्हणून अट आपणच लिहावी: ‘खिसा लावणे – भरतकाम झाल्यावर’. तारीख फक्त आज हात घालता येईल अशा कामाला द्यावी.

हिशेब उलटा करावा. माल 10 जूनला द्यायचा. इस्त्री 2 दिवस, काज-बटण 3, शिलाई 12, कटिंग 2, कापड येण्यास 6, एकूण 25. म्हणजे कापडाची ऑर्डर 16 मेला गेलीच पाहिजे. भरतकामाचे 4 दिवस यात धरले नाहीत, कारण ते कॉलर शिवताना बाजूला चालते. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीने 1950 च्या दशकाअखेरीस कारखान्यांसाठी असाच हिशेब बसवला होता.

बटणे पहिल्याच दिवशी आणावीत. दोरा मात्र कापड हाती आल्यावर, रंग जुळवून.