कर्करोगाची जाण : शेजारी देशांचे धडे

"डॉक्टर, मी तंबाखूला हातही लावत नाही, नुसती सुपारी खातो." हे वाक्य मी दवाखान्यात अनेक वर्षे ऐकत आलो आहे. बोलणाऱ्याचे तोंड नीट उघडत नसते. गालाची आतली त्वचा पांढुरकी व ताठर झालेली असते. तिखट घास सोसत नाही. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था असू शकते, हे सांगितले की रुग्णाचा विश्वास बसत नाही.

हा गैरसमज केवळ आपल्याकडचा नाही. श्रीलंकेत 'बुलत् विट', म्यानमारमध्ये 'कुन्या', भूतानमध्ये 'दोमा' या नावांनी पानसुपारी घरोघरी खाल्ली जाते. पाहुण्याला ती देणे हा शिष्टाचार मानतात. साहजिकच तिच्यात धोका असेल, असे कुणाच्या मनात येत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखू नसलेले पानही आणि खुद्द सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. श्रीलंकेतील पुरुषांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तेथील सरकारने 2016 मध्ये तंबाखूमिश्रित चघळण्याच्या पदार्थांवर बंदी घातली.

केवळ बंदी पुरेशी आहे काय?

याचे उत्तर भूतानकडे आहे. या देशाने 2004 मध्ये तंबाखूच्या विक्रीवर बंदी आणली आणि 2010 मध्ये कडक कायदा केला. तरीही सीमेपलीकडून चोरटा माल येतच राहिला. अखेर कोरोनाच्या काळात, 2021 मध्ये, विक्रीवरील बंदी उठवावी लागली. आपल्या राज्यातही 2012 पासून गुटखाबंदी आहे. पानमसाल्याची आणि तंबाखूची अशा दोन वेगळ्या पुड्या घेऊन त्या एकत्र करणारे आपण रोज पाहतोच. मनाला पटल्याशिवाय सवय सुटत नाही.

त्याच भूतानने दुसऱ्या बाबतीत मात्र मोठे यश मिळवले. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. त्यावरील लस भूतानने 2010 पासून देशभरातील मुलींना देण्यास सुरुवात केली. विकसनशील देशांत हे पाऊल लवकर उचलणाऱ्यांपैकी तो एक देश. पहिल्याच मोहिमेत 90 टक्क्यांहून अधिक मुलींना लस मिळाली, कारण लस थेट शाळेत पोहोचली. पुढे श्रीलंकेने 2017 मध्ये आणि बांगलादेशाने 2023 मध्ये हाच मार्ग धरला.

लाल आणि हिरवा नळ

बांगलादेशाची कथा वेगळी आहे. तळ्यांच्या दूषित पाण्यामुळे हगवण, पटकी होऊन मुले दगावत. म्हणून 1970 नंतर गावोगावी हातपंप बसवले गेले. पाणी नितळ होते, पण जमिनीतील आर्सेनिक हे विष त्यात उतरले होते. 1993 मध्ये ते ध्यानात आले. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास त्वचा, मूत्राशय आणि फुप्फुस यांचा कर्करोग होऊ शकतो. पाणी उकळून हे विष जात नाही.

अडाणी माणसालाही समजेल असा उपाय तेथे शोधला गेला. सुमारे 50 लाख पंपांचे पाणी तपासण्यात आले. विषारी पंपाला लाल रंग आणि सुरक्षित पंपाला हिरवा रंग दिला. लाल पंपावर कपडे धुवायचे, पिण्याचे पाणी हिरव्या पंपावरून आणायचे. भाषण नाही की पुस्तक नाही. अर्थात हिरवा पंप लांब असला की अनेकजण लालच पंपाचे पाणी पीत राहिले. धोका कळल्यावर दुसरी सोय हाताशी असावी लागते, हा त्यातला धडा.

आपण काय करावे?

सुपारी, मावा, खर्रा, मिश्री, विडी, सिगारेट यांना आपल्या मनात लाल रंग द्यावा. बडीशेप किंवा लवंग खिशात ठेवावी, म्हणजे सवय सोडणाऱ्याला हाताशी काही राहते. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात तोंड तपासावे. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून दातांमध्ये उभी जात नसतील, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असल्यास लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावे. तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी.

आणि दारी आलेल्या पाहुण्यापुढे तबक करताना त्यातली सुपारी तेवढी बाजूला ठेवावी. आदरातिथ्यात त्याने काही उणे पडत नाही.